मॅथ्यू स्ट्रीटवरील तळघर

लिव्हरपूल हे नाव एके काळी वऱ्हाड-खानदेशातील कापूस-व्यापाऱ्यांच्या तोंडी रोजचे होते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस येईनासा झाला आणि मुंबई बंदरातून कापसाच्या गाठी लिव्हरपूलकडे रवाना होऊ लागल्या. तेथला भाव चढला की मुंबईत सट्ट्याला उधाण येई. १८६५ साली युद्ध थांबले, भाव कोसळला आणि मुंबईतील पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. ज्या नगराच्या एका तारेने आपल्याकडील श्रीमंतांची झोप उडत असे, त्याच नगरावर पुढे शंभर वर्षांनी स्वतःच उतरती कळा आली. त्या पडत्या काळातील एका तळघराची ही हकीकत आहे.

१९३१ साली लिव्हरपूलची वस्ती साडेआठ लाखांच्या घरात होती. १९८१ पर्यंत ती पाच लाखांच्या आसपास आली. जहाजांवरील माल प्रचंड पेटाऱ्यांतून येऊ लागला. पूर्वी शेकडो हमाल जे काम करीत, ते मोजकी माणसे यंत्रांच्या साहाय्याने करू लागली. दक्षिणेकडील जुन्या गोद्या १९७२ साली बंद झाल्या. शाळा सोडून बाहेर पडणाऱ्या मुलाला बाप ज्या गोदीत चिकटवून देई, ती गोदीच उरली नाही.

या नगरात मॅथ्यू स्ट्रीट नावाची एक अरुंद गल्ली आहे. दोन्ही बाजूंना जुन्या वखारी. त्यांतील एका वखारीच्या तळघरात ‘कॅव्हर्न’ नावाचा क्लब १९५७ साली निघाला आणि १९६१ ते १९६३ या काळात बीटल्स या चौघांनी तेथे जवळजवळ तीनशे वेळा आपले वाद्यवृंद-गायन केले. पुढे त्यांची कीर्ती जगभर पसरली. परंतु भुयारी रेल्वेच्या हवेच्या झरोक्यासाठी जागा हवी, या कारणास्तव १९७३ साली कॅव्हर्न बंद करून वरची इमारत पाडण्यात आली. तो झरोका तेथे कधीच झाला नाही. नगराने आपला वैभवकाळ पाडून टाकला आणि त्या जागी मोटारी उभ्या करण्याचे मैदान ठेवले.

याच गल्लीत, त्या रिकाम्या जागेसमोर, १ ऑक्टोबर १९७६ रोजी ‘एरिक्स’ नावाचा नवा क्लब सुरू झाला. लंडनमधील उच्चभ्रू क्लबांना ‘अ‍ॅनाबेल्स’ यासारखी नाजूक नावे असत. त्यांची थट्टा म्हणून हे अगदी साधे, पुरुषी नाव. त्याचे चालक रॉजर ईगल आणि केन टेस्टी. पुढे त्यांना पीट फुलवेल येऊन मिळाले. ईगल हे स्वतः गायक नव्हते. ते रसिक आणि संग्राहक होते. मँचेस्टरमधील क्लबांत तबकड्या लावण्यात त्यांची उमेदवारी झालेली होती. एरिक्समध्ये नाणे टाकून तबकडी वाजवायचे जे यंत्र होते, त्यात त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची जुनी गाणी आणि जमैकाचे संगीत मुद्दाम भरून ठेवले होते. मुले नव्या गाण्यांसाठी येत आणि जुन्याचे संस्कार घेऊन जात.

तो काळ ‘पंक’ संगीताच्या उदयाचा होता. गाणे थोडक्या सुरांचे, वेगवान, काहीसे कर्कश. आणि त्यामागील भूमिका अशी की, गाण्यासाठी उस्तादाचा गंडा बांधण्याची वाट पाहत बसायचे कारण नाही. त्यातूनच लवकरच अधिक गूढ, अधिक प्रयोगशील असे पंकोत्तर संगीत निघाले. ‘क्लॅश’, ‘जॉय डिव्हिजन’ यांसारखी वृंदे एरिक्समध्ये येऊन गेली. इंग्लंडच्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना मद्य देता येत नाही. तेव्हा शनिवारी दुपारी खास त्यांच्यासाठी वेगळा खेळ होई. शाळकरी पोरांनाही रंगमंचासमोर हाताच्या अंतरावर उभे राहता यावे, ही त्या चालकांची दृष्टी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तेथे जमणारा तरुण आज श्रोता असे आणि उद्या मंचावर चढे. ‘बिग इन जपान’ हे वृंद अशाच नित्याच्या मंडळींतून जुळले. ते इतके विक्षिप्त की, त्यांनी आपला संसार मोडावा अशा मागणीचा अर्ज जवळच्या तबकड्यांच्या दुकानात सह्यांसाठी ठेवण्यात आला! १९७८ च्या ऑगस्टमध्ये ते खरोखरच मोडले. परंतु त्यातील हॉली जॉन्सन, इयन ब्राउडी, बजी, बिल ड्रमंड यांनी पुढे निरनिराळ्या वृंदांतून मोठे नाव मिळविले. जॉन्सन यांच्या ‘फ्रँकी गोज टू हॉलिवूड’ने तर १९८४ साली लागोपाठ तीन गाणी ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेली. १९७८ च्याच नोव्हेंबरात एकाच रात्री ‘टीअरड्रॉप एक्सप्लोड्स’ आणि ‘एको अँड द बनीमेन’ या दोन वृंदांनी एरिक्सच्या मंचावर प्रथम पाऊल ठेवले. बनीमेनकडे तबलजीच्या जागी ताल धरणारे एक यंत्र होते. माणूस मिळेपर्यंत थांबायचे नाही, हीच त्या तळघराची शिकवण.

मार्च १९८० मध्ये एका रात्री पोलिसांचा छापा पडला आणि एरिक्सची कवाडे मिटली. क्लब बंद करू नये म्हणून तरुणांनी रस्त्यावर मोर्चा काढला. उपयोग झाला नाही. पुढच्याच वर्षी, १९८१ च्या जुलैत, लिव्हरपूलच्या टॉक्स्टेथ भागात दंगली उसळल्या.

एरिक्समुळे एकही गोदी पुन्हा उघडली नाही, एकाही कुटुंबाची चूल त्यामुळे पेटली असे म्हणता येत नाही. तेथे येणाऱ्या शेकडो मुलामुलींपैकी ज्यांचे नाव झाले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तरीही त्या पिढीच्या आठवणींत हे दमट तळघर पुनःपुन्हा येते, याचे कारण कीर्तीत शोधण्याचे प्रयोजन नाही. ज्या वयात साऱ्या व्यवहाराने त्यांना ‘तुमचे येथे काम नाही’ असे सांगितले, त्या वयात एका जागेने त्यांना ‘या, आणि काहीतरी करून दाखवा’ असे म्हटले. गावच्या तालमीत काठावर बसून कुस्ती पाहणारा पोर एके दिवशी अंगाला माती लावून हौद्यात उतरतो. त्यातला प्रत्येक जण काही हिंदकेसरी होत नाही. परंतु आपल्याही अंगात बळ आहे, हे त्याला कळलेले असते.

कॅव्हर्न १९८४ साली पुन्हा बांधून उघडण्यात आला आणि जगभरचे यात्रेकरू आज तेथे जातात. एरिक्सचे आयुष्य अवघे साडेतीन वर्षांचे. संस्थांचे मोल त्यांच्या वयावर ठरवायचे झाले तर ते नगण्यच. पण उजाड झालेल्या नगरात, पाडलेल्या वैभवाकडे पाठ फिरवून, चार तरुणांना आपला सूर सापडेल एवढी जागा कोणी राखून ठेवली होती, याची नोंद नगराच्या इतिहासात गोद्यांच्या आणि वखारींच्या शेजारीच व्हावयास हवी.