नाण्यांना नंबर देणारी माणसं

जुन्या नाण्यांच्या लिलावाचा कॅटलॉग कधी चाळला आहे? नसेल तर एकदा चाळाच. नाण्याचा फोटो, धातू, वजन, आणि त्याखाली काहीतरी गूढ लिहिलेलं असतं. 'जीएच ५७४'. किंवा 'केएम' आणि पुढे एक आकडा. मराठ्यांचं नाणं असेल तर 'एम अँड डब्ल्यू', मग टी-१, टी-२ वगैरे.

आमच्या धंद्यात याला प्रायमरी की म्हणतात. :) फरक एवढाच, की आमची की डेटाबेस आपोआप बनवतो आणि हे नंबर कुणीतरी भिंग घेऊन, डोळे फोडून, एकेक करून दिलेले आहेत. जीएच म्हणजे गुप्ता आणि हार्डेकर. केएम म्हणजे क्राउझ आणि मिशलर. एम अँड डब्ल्यू म्हणजे महेश्वरी आणि विगिन्स. माणसांची आडनावं म्हणजेच नाण्यांचे पत्ते. गेले काही शनिवार-रविवार मी नाण्यांपेक्षा या पुस्तकांच्याच मागे लागलो होतो, त्यातलं थोडं इथे.

सुरुवात आहत नाण्यांपासून. शाळेत 'पंचमार्क कॉइन्स' म्हणून एक ओळ होती ना, तीच. मगध-मौर्य काळातला चांदीचा कार्षापण, साधारण साडेतीन ग्रॅमचा, वेडावाकडा कापलेला तुकडा. त्यावर राजाचं नाव नाही, साल नाही, अक्षर नाही. एका बाजूला पाच ठसे, बस्स. मुख्य मालिकेत पहिले दोन ठसे ठरलेले, सूर्य आणि सहा हातांचं एक चक्रासारखं चिन्ह. उरलेले तीन बदलत राहतात. म्हणजे सगळी माहिती त्या तीन ठशांत.

आता गंमत अशी, की ठसा नाण्यापेक्षा फार लहान नसायचा आणि मारणारा घाईत असायचा. त्यामुळे ठसे कडेबाहेर जातात, एकमेकांवर चढतात. एका नाण्यावर पाचही ठसे पूर्ण दिसले तर नशीब. एकावर अर्धा हत्ती, दुसऱ्यावर हत्तीची सोंड आणि टेकडीचा कोपरा. असे शेकडो तुकडे जुळवून मूळ पाचांचा संच काय होता हे शोधायचं. नेटवर्कवर तुटके पॅकेट्स येतात आणि त्यातून मेसेज उभा करायचा असतो, अगदी तसं. फक्त इथे रीट्राय नाही.

हे जुळवायचं तर एकाच ठेव्यातली भरपूर नाणी समोर हवीत, नाहीतर कुणीतरी ती पाहून नीट छापून ठेवलेली हवीत. तक्षशिलेच्या भीर टेकाडात १९२४ मध्ये असा ठेवा मिळाला. त्यात अलेक्झांडरची दोन आणि फिलिप अरिडियसचं एक नाणं होतं, त्यामुळे तो कधी पुरला गेला याचा अंदाज बांधता आला. वॉल्श नावाच्या निवृत्त आयसीएस अधिकाऱ्याने त्याचं वर्णन केलं आणि १९३९ मध्ये पुरातत्त्व खात्याने ते आपल्या मालिकेत ५९ वा ग्रंथ म्हणून छापलं. तक्तेच तक्ते. कुठला ठसा, मागे किती खुणा, वजन किती. झोप येत नसेल तर उत्तम पुस्तक!

पण हे तक्ते पुण्यात एका माणसाच्या हातात पडले. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी. कोसंबींनी विचार केला, की नाणं हातोहात फिरताना झिजतं. नवी नाणी जवळपास सारख्या वजनाची असतात. जसजशी फिरतात तसं सरासरी वजन खाली येतं आणि नाण्यानाण्यातला फरक वाढत जातो. म्हणजे एकाच ठेव्यातल्या वेगवेगळ्या गटांची सरासरी वजनं मांडली, की कुठला गट आधीचा आणि कुठला नंतरचा हे कळायला हवं. राजाचं नाव माहीत नसतानाही! नुसतं म्हणून थांबले नाहीत. बाजारात चालणारी त्यांच्या काळातली नाणीसुद्धा तराजूवर तोलून झीज कशी होते ते तपासलं. पुढे जुन्या ठेव्यांतली हजारो नाणी स्वतः तोलली. १९४० पासून त्यांचे यावरचे लेख येत गेले, ते एकत्र पुस्तकरूपात यायला मात्र १९८१ उजाडलं. तोवर कोसंबी जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

मला यातलं सगळ्यात भारी काय वाटतं सांगू? वॉल्शसाहेबांनी तक्ते छापले तेव्हा त्यांचा उपयोग एक गणिती असा करेल हे त्यांच्या मनातही नसणार. त्यांनी डेटा ओपन केला, आणि तो वापरणारा सापडला. वजनाचा रकाना गाळून नुसते 'ठळक निष्कर्ष' छापले असते तर?

नंबर मात्र अजून द्यायचे होते. ते काम परमेश्वरीलाल गुप्तांनी केलं. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये आणि पुढे पाटणा संग्रहालयात काम केलेला माणूस. १९८० मध्ये त्यांनी आणि के. के. महेश्वरी यांनी नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था उभी केली. महेश्वरी हे उद्योगजगतातले, म्हणजे दिवसा कंपनी आणि उरलेल्या वेळात नाणी. (वीकेंड प्रोजेक्ट असावं तर असं.) तिथून १९८५ मध्ये गुप्ता आणि टेरी हार्डेकर यांचं पुस्तक निघालं. पाचशेहून जास्त प्रकार, प्रत्येकाचे पाच ठसे रेखाटलेले आणि प्रत्येकाला एक नंबर. तेव्हापासून जगात कुठेही कार्षापण विकायला आला की त्याखाली जीएच लिहिलेलं असतं.

पुढची, सुधारलेली आवृत्ती आली २०१४ मध्ये. मधे एकोणतीस वर्षं! गुप्ता २००१ मध्येच गेले. अशा पुस्तकांचं हेच दुखणं आहे. वाचक थोडे, चित्रपृष्ठं महाग, एकदा छापलं की संपेपर्यंत वर्षं जातात आणि संपल्यावर पुन्हा छापायला कुणी धजत नाही. मी हातात घेतलेली १९८५ ची पहिली प्रत झेरॉक्स होती, आणि तीसुद्धा झेरॉक्सची झेरॉक्स. ठशांतले बैल आणि हत्ती एकसारखेच दिसत होते.

दुसरं अंजनेरीचं पुस्तक आपल्या जास्त जवळचं. महेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचं मराठ्यांच्या टांकसाळी आणि नाण्यांवरचं, १९८९ चं. शिवराई आपण ओळखतो, कारण त्यावर नागरीत 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' असतं. पण पेशवाईतला रुपया समोर ठेवला तर? त्यावर फारसी मजकूर, नाव दिल्लीच्या बादशहाचं. पुण्यात पडलेल्या रुपयावर शाह आलम! ज्या बादशहाला शिंद्यांनी संरक्षण दिलं त्याच्याच नावाने आपण नाणी पाडत होतो, कारण बाजारात तीच चालायची. मग पुण्याचा रुपया ओळखायचा कसा? अंकुशाच्या खुणेवरून, आणि पूर्ण उतरला असेल तर 'मुहियाबाद पुणे' या टांकसाळीच्या नावावरून. चांदवडचा असेल तर 'जाफराबाद उर्फ चांदोर'. नाणं ठशापेक्षा लहान असल्याने हे नाव बहुतेक वेळा अर्धंच उतरलेलं असतं.

म्हणजे आजीच्या डब्यात चांदवडचा रुपया निघाला, तरी हे पुस्तक नसेल तर घरातले त्याला 'मोगली नाणं' म्हणणार. आणि सोनाराकडे गेला तर तो फक्त चांदीचं वजन सांगणार. किती नाणी अशी वितळली असतील कोण जाणे. म्हणून ही पुस्तकं दुर्मिळ होणं मला नुसतं पुस्तकवेड्यांचं रडगाणं वाटत नाही.

आता जरा अमेरिकेत जाऊ, कारण तिथे याच्या उलट घडलं. आर. एस. येओमन यांचं 'रेड बुक' व्हिटमन कंपनीने रेसिन, विस्कॉन्सिन इथून १९४६ च्या नोव्हेंबरात काढलं. ९,००० प्रती, त्या संपल्या म्हणून १९४७ च्या फेब्रुवारीत आणखी ९,०००. तेव्हापासून आजपर्यंत जवळपास दरवर्षी नवी आवृत्ती. एकूण खप कोटींच्या घरात. लाल कव्हरचं हे पुस्तक म्हणजे तिथल्या नाणेवाल्यांचं दाते पंचांग! प्रकार, किती पाडली, आणि मुख्य म्हणजे भाव.

आणि मग लोक त्या पुस्तकाच्याच प्रती जमवू लागले. पहिली छपाई कुठली आणि दुसरी कुठली? ओळखायची खूण पान १३५ वर. पहिल्या छपाईत शेवटच्या ओळीत '१९०३-ओ' या डॉलरच्या दुर्मिळतेचा उल्लेख आहे. दुसऱ्या छपाईत त्याजागी 'या सालाची दुर्मिळता' असं केलं.

आता या १९०३-ओ ची कथा ऐका. 'ओ' म्हणजे न्यू ऑर्लिन्सची टांकसाळ. पाडले होते ४४ लाख ५० हजार डॉलर, पण बाजारात दिसेचनात. १९१८ च्या पिटमन कायद्याखाली २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले होते, त्यात हेही गेले असा सगळ्यांचा समज. रेड बुकात न वापरलेल्या नाण्याचा भाव १,५०० डॉलरपर्यंत चढला. आणि १९६२ च्या शेवटी सरकारी तिजोरीतून हजार-हजारांच्या सीलबंद पिशव्या बाहेर आल्या, त्यात हेच नाणं! भाव काही डझन डॉलरांवर कोसळला. ज्यांनी पुस्तक बघून पैसे लावले होते त्यांचं काय झालं असेल विचार करा. पुस्तक खोटं बोललं नव्हतं. दिसतात किती ते पुस्तकाला माहीत होतं. आहेत किती ते तिजोरीलाच माहीत.

तरी छापील भावाची सवय गेली नाही. विस्कॉन्सिनमधल्याच आयोला गावातून चेस्टर क्राउझ यांनी १९५२ मध्ये नाण्यांचं वृत्तपत्र सुरू केलं आणि १९७२ मध्ये क्राउझ-मिशलरचा जगभरच्या नाण्यांचा कॅटलॉग आला. टेलिफोन डिरेक्टरीएवढा जाड, आणि पुढे तर एकेका शतकाचा वेगळा खंड. २०१९ मध्ये ती प्रकाशनं ज्यांच्याकडे गेली होती ती कंपनी दिवाळखोरीत निघाली. केएम नंबर मात्र चालूच आहेत. पुस्तक गेलं, की राहिली!

तर आता ही पुस्तकं शोधायची कुठे? ज्यांचे हक्क संपले ती जुनी पुस्तकं सोपी झाली आहेत. सातवाहन आणि क्षत्रपांच्या नाण्यांवरचा रॅप्सनचा ब्रिटिश म्युझियमचा कॅटलॉग (१९०८), लाहोर संग्रहालयाचा व्हाइटहेडचा (१९१४), हे आता स्कॅन करून इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहेत. अडचण आहे ती मधल्या काळातल्या पुस्तकांची. हक्क जिवंत, छपाई बंद. त्यांच्यासाठी नाण्यांची प्रदर्शनं, रद्दीवाले आणि एखाद्या जुन्या संग्राहकाची ओळख, एवढेच रस्ते. माझ्या ओळखीच्या एका काकांनी मला पुस्तक घरी न्यायला दिलं नाही, त्यांच्याच दिवाणखान्यात बसून वाचायची परवानगी दिली. चहा मिळाला, तक्रार नाही. :)

सध्या मी फुकटातलंच वाचतोय. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात गोदावरीकाठच्या जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. रेव्हरंड स्कॉट यांनी ती तपासून मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये टिपण छापलं. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचं तोंड तसंच, वर सातकर्णीची टेकडी आणि उज्जैन चिन्ह. उरलेली ठशाविना. स्कॉट यांनी दोन्ही ढिगारे वेगवेगळे मोजले म्हणून हे आकडे आपल्याकडे आहेत. वजनं आणि ग्रीक अक्षरं यांवरचा भाग अजून वाचायचा आहे, तो पुढच्या शनिवारी.