घरचा मार्शमॅलो: जिलेटिनचा प्रश्न आणि चायना ग्रासचा पर्याय

ईदच्या डब्यात आता शीरखुर्मा आणि नानखटाईच्या जोडीला ब्राउनी, कपकेक आले आहेत आणि त्यांच्यावर पांढरे-गुलाबी मार्शमॅलो. अकोल्यात काय, अमरावतीत काय, लेकरांच्या वाढदिवसाला हे हमखास असतंच. मागच्या वर्षी वर्गात एका मुलाने वाढदिवसाला सगळ्यांना मार्शमॅलो वाटले. पुड्या सुट्या होत्या, त्यावर ना कंपनीचं नाव ना कसला ठिपका. पाचवीतली एक मुलगी हातात घेऊन विचारत होती, "मॅडम, हे हलाल आहे ना?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून जे वाचलं, विचारलं आणि घरच्या ओव्हनमध्ये करून पाहिलं, ते इथे मांडतो आहोत.

मार्शमॅलो हे मुळात एका झाडाचं नाव आहे, आणि ते झाड आपल्याला परकं नाही. युनानी दवाखान्यात ज्याला खतमी म्हणतात, तेच हे. जोशांद्यात घालतात ती गुल-ए-खतमी किंवा तुख्म-ए-खतमी. फिकहच्या जुन्या किताबांत मय्यतला गुस्ल देताना डोकं आणि दाढी खतमीने धुण्याचा उल्लेख येतो, कारण पाण्यात घातली की ती चिकट, बुळबुळीत होते. हाच चिकटपणा एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या मिठाईवाल्यांनी वापरला. खतमीच्या मुळाचा रस, साखर आणि अंड्याचा पांढरा भाग फेटून ते घशाला आराम देणारी मऊ मिठाई करत. पुढे मूळ महाग आणि वेळखाऊ वाटू लागलं, तेव्हा त्याच्या जागी जिलेटिन आलं. आजच्या मार्शमॅलोत खतमीचा अंशही नसतो, फक्त नाव उरलं आहे.

जिलेटिन म्हणजे जनावराची कातडी आणि हाडं प्रक्रिया करून काढलेलं प्रथिन. ते गाय-म्हशीचं असू शकतं, डुकराचं असू शकतं, माशाचंही असू शकतं. युरोप-अमेरिकेतून येणाऱ्या मार्शमॅलोत डुकराचं जिलेटिन सर्रास असतं. भारतात बनणारं बहुतेक गुरांच्या हाडांचं असतं, पण तेवढ्यावर प्रश्न मिटत नाही, जनावर ज़बीहा होतं का हा मुद्दा उरतोच. १९८६ साली अम्मानच्या बैठकीत इंटरनॅशनल इस्लामिक फिकह अकादमीने डुकराच्या जिलेटिनला मनाई सांगितली आणि वनस्पती किंवा शरई पद्धतीने ज़बह केलेल्या जनावरापासूनचं पुरेसं आहे असं म्हटलं. १९९५ मध्ये कुवेतच्या वैद्यकीय-फिकही परिषदेत वेगळं मत आलं, की प्रक्रियेत मूळ पदार्थाचं रूपच पालटतं, म्हणजे इस्तिहाला होतो, तर ते पाक ठरतं. आम्ही मुफ्ती नाही. ज्यांना शंका आहे त्यांनी आपल्या आलिमांना विचारावं. घरात करायचं असेल तर मात्र शंकाच राहणार नाही असा माल निवडणं सोपं आहे.

विकतच्या पाकिटावर आधी चिन्ह पाहा. हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका असेल तर त्यात जिलेटिन नाही. ते अगार किंवा कॅरेजिननवर केलेलं असतं. शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी आलेली ही सोय आपल्याही कामाची आहे. तपकिरी चिन्ह (आधी गोल ठिपका असे, आता त्रिकोण) असेल तर घटकांची यादी वाचा. काही विदेशी पाकिटांवर ई ४४१ असतं, ते जिलेटिन. गुलाबी रंगासाठी आयएनएस १२० असेल तर तो कोचिनील नावाच्या कीटकापासून काढलेला रंग आहे. आयएनएस ४०६ म्हणजे अगार. हलालचा शिक्का असेल तर तो कोणत्या संस्थेचा आहे तेही बघावं. सुट्या पुडीवर यातलं काहीच नसतं, म्हणून ती घेऊच नये असं आमचं मत.

आता घरी करायचं. तीन रस्ते आहेत आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे.

पहिला, हलाल प्रमाणित किंवा माशाच्या जिलेटिनचा. २० ग्रॅम जिलेटिन १२० मिली थंड पाण्यात दहा मिनिटं भिजवा. ३०० ग्रॅम साखर, १२० मिली लिक्विड ग्लुकोज, १०० मिली पाणी आणि चिमूटभर मीठ असा पाक चढवा. थर्मामीटर असेल तर ११५ ते ११८ अंश सेल्सिअस. नसेल तर आपल्या आयांची रीत आहेच: थंड पाण्याच्या वाटीत थेंब टाकला की मऊ गोळी व्हायला हवी. चिक्कीचा असतो तसा कडक पाक नको. हा पाक बारीक धारेने जिलेटिनवर ओतत बीटर चालवा, आठ ते दहा मिनिटं, मिश्रण पांढरं आणि दाट होऊन तिपटीने फुगेपर्यंत. तेल लावलेल्या, कॉर्नफ्लोअर आणि पिठीसाखर समसमान भुरभुरलेल्या ट्रेत ओतून सहा ते आठ तास ठेवा, मग कापा. पाक अंगावर उडाला तर तेलापेक्षा वाईट चिकटून भाजतो, लेकरांना गॅसजवळ उभं करू नका.

दुसरा रस्ता चायना ग्रासचा. रमजानात इफ्तारला दुधात चायना ग्रास जमवणाऱ्या घरांना हे सांगायलाच नको. अगार म्हणजे तेच, समुद्री शेवाळातून निघतं. रशियात झेफिर नावाची मिठाई यावरच करतात. १२५ ग्रॅम घट्ट शिजवलेला सफरचंदाचा गर (आम्ही पेरूचाही करून पाहिला, बिया गाळून, पेक्टिन दोन्हींत भरपूर), १०० ग्रॅम साखर घालून गार केलेला. त्यात एका अंड्याचा पांढरा भाग घालून घट्ट फेटा. दुसरीकडे ७५ मिली पाण्यात ४ ग्रॅम अगार पावडर उकळून २०० ग्रॅम साखर घाला आणि पाक ११० अंशांपर्यंत न्या. गरम पाक धारेने फेटलेल्या मिश्रणात घाला. मिश्रण ४० अंशांच्या आसपास आलं की अगार झपाट्याने जमतं, म्हणून पायपिंग बॅग आधीच भरायला तयार ठेवा. पहिल्या वेळी आमचं अर्धं मिश्रण भांड्यातच जमलं. बटर पेपरवर गोळे टाकून रात्रभर उघडं सुकू द्या.

तिसरा सगळ्यात सोपा, त्यात जिलेटिनही नाही आणि अगारही नाही. दोन अंड्यांचे पांढरे भाग, १२० ग्रॅम साखर आणि लिंबाचे दोन-तीन थेंब उकळत्या पाण्यावरच्या भांड्यात सतत हलवत गरम करा. साखर विरघळून मिश्रण ७० अंशांच्या वर जायला हवं, म्हणजे कच्च्या अंड्याची भीती राहत नाही. मग सात-आठ मिनिटं फेटा. हा चमच्याने लावायचा मऊ मार्शमॅलो झाला. त्याच दिवशी संपवा.

बेकिंगला कोणता चालेल हे अगार आणि जिलेटिनच्या स्वभावावरून ठरतं. जिलेटिन अंगाच्या उबेला, ३५ अंशांच्या अलीकडेच वितळतं, म्हणून तोंडात विरघळतं आणि ओव्हनमध्ये छान ताणतं. अगार जमल्यावर ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. त्यामुळे अगारचा मार्शमॅलो कुकीत भरला तर तार सुटत नाही, गोळाच राहतो. तो केक आणि कपकेकवर गार झाल्यावर लावावा. ब्राउनीवर भाजका थर हवा असेल तर तिसरा प्रकार घ्या: ब्राउनी पूर्ण होऊ द्या, वर हे मिश्रण पसरा आणि ओटीजीचा फक्त वरचा रॉड लावून दोन-तीन मिनिटं ठेवा. तिथून हलू नका, सोनेरीचा काळा व्हायला अर्धं मिनिट लागतं. कुकरमध्ये किंवा कढईत मीठ घालून बेक करणाऱ्यांना वरून रंग येणार नाही, त्यांनी तवा उलटा तापवून वर धरायची जुनी युक्ती करावी.

नानखटाईच्या पोटात मार्शमॅलो भरायचा प्रयोग आम्ही केला आणि फसला. खुसखुशीत पीठ ते धरतच नाही, सगळं बाहेर येतं. वरून लावलेलं मात्र घरात सगळ्यांना आवडलं. त्याहून पसंत पडले ते मुरमुरे. १९३९ मध्ये अमेरिकेत केलॉग्ज कंपनीत तांदळाच्या लाह्या वितळलेल्या मार्शमॅलोत कालवून वड्या करायची कृती निघाली. आपण १२० ग्रॅम मुरमुरे कढईत कोरडे भाजून घ्यायचे, ४० ग्रॅम लोण्यात २०० ग्रॅम जिलेटिनचे मार्शमॅलो मंद आचेवर वितळवायचे, मुरमुरे कालवून थापायचे. गुळाच्या मुरमुरा लाडूचाच हा भाऊ. यात अगार चालत नाही.

वासासाठी व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट अल्कोहोलमध्ये काढलेलं असतं. वेलची, केवडा किंवा गुलाबपाणी घाला, चवही आपली वाटते.

वऱ्हाडाच्या हवेत जपावं लागतं ते वेगळंच. मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो तेव्हा जिलेटिनचे तुकडे डब्यात एकमेकांना चिकटतात, त्या दिवसांत अगारचेच करा. पावसाळ्यात साखर हवेतलं पाणी ओढते आणि दोन्ही प्रकार ओलसर होतात. कॉर्नफ्लोअर भुरभुरून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, फ्रिजमध्ये नको, तिथून बाहेर काढले की घाम सुटतो. चार वर्षांखालच्या लेकरांना अख्खा मार्शमॅलो देऊ नका, घशात अडकतो. बारीक चिरून द्या.

मोहल्ल्यातल्या बऱ्याच बहिणी आता घरून ऑर्डर घेतात. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली घरगुती लहान धंद्यालाही एफएसएसएआयची नोंदणी लागते, अर्ज ऑनलाइन फॉस्कॉस पोर्टलवर होतो. नोंदणी क्रमांक डब्यावर टाका. त्याखाली एक ओळ आणखी लिहा: अंडं आहे की नाही, जिलेटिन आहे की अगार, आणि जिलेटिन असेल तर कशाचं.