‘श्रिफ्ट’ : लेखणीतून निघालेला शब्द

इंग्रजी वृत्तपत्रे चाळताना ‘शॉर्ट श्रिफ्ट’ हा वाक्प्रचार आम्हांला अनेकदा भेटतो. एखाद्याचे म्हणणे नीट ऐकून न घेता त्याची बोळवण करणे, हा त्याचा आजचा अर्थ. त्यातील ‘श्रिफ्ट’ हा शब्द सुटा असा आता क्वचितच कोणी वापरतो. पूर्वी त्याचा अर्थ होता पापनिवेदन. म्हणजे ऐकून घेण्याचाच संस्कार!

त्याचे मूळ लॅटिनमधील ‘स्क्रिबेरे’, म्हणजे लिहिणे, या क्रियापदात आहे. जर्मन भाषेत त्याचे ‘श्रायबेन’ झाले, अर्थ मात्र तोच राहिला. प्राचीन इंग्रजीत त्याला प्रायश्चित्त नेमून देणे, पापनिवेदन ऐकणे असा अर्थ आला. (परभाषेतून आलेले धर्मशब्द अशी रूपे घेतातच, गोव्याच्या कोंकणीतील ‘कुमसार’ पोर्तुगीजांकडून आला, हे आज किती जणांच्या ध्यानी येते?) लेखणीचा आणि प्रायश्चित्ताचा संबंध आम्हांला असा दिसतो : आयर्लंडच्या मठवासीयांनी प्रायश्चित्तसंहिता रचल्या होत्या. कोणत्या पापाला किती दिवसांचा उपवास, हे त्यांत लिहिलेले असे. कँटरबरीचे आर्चबिशप थिओडोर (कार्यकाळ ६६८ ते ६९०) यांच्या नावानेही अशी एक संहिता ओळखली जाते. डॉक्टरांचे ‘प्रिस्क्रिप्शन’ही याच लॅटिन धातूचे अपत्य आहे.

१२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक श्रद्धावंताला वर्षातून निदान एकदा पापनिवेदन बंधनकारक केले. इंग्लंडात उपवासकाळाच्या उंबरठ्यावर लोक त्यासाठी चर्चमध्ये येत. म्हणून राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवसाला ‘श्रोव्ह ट्यूसडे’ हे नाव पडले. घरातील अंडी, दूध, लोणी संपविण्यासाठी त्या दिवशी पॅनकेक होत. पुढे पापनिवेदनाला बोलावणाऱ्या घंटेलाच लोक ‘पॅनकेकची घंटा’ म्हणू लागले. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर तेथे पापनिवेदनाची सक्ती उरली नाही. पॅनकेक मात्र आजही होतात.

राहता राहिला ‘शॉर्ट’. देहदंडाच्या कैद्याला मरणापूर्वी धर्मगुरूपुढे मन मोकळे करण्यास वेळ देत; तो कधी फारच थोडा असे. शेक्सपिअरच्या ‘तिसरा रिचर्ड’ या नाटकात लॉर्ड हेस्टिंग्ज (प्रत्यक्षात त्यांचा शिरच्छेद १४८३ मध्ये झाला) यांना बजावले जाते, की पापनिवेदन लवकर आटपा. ड्यूकसाहेबांना जेवायला जायचे आहे आणि तुमचे शिर पाहण्यासाठी ते खोळंबले आहेत.