कोरडा कोरडा पडतो तेव्हा

आजचा भाग जरा वासाचा आहे. बुरशीचा वास, मोहाच्या तेलाचा वास आणि जुन्या चामड्याचा वास.

गेल्या दिवाळीत पुण्याहून गावी गेलो होतो. गाव बोदलकसा, तालुका तिरोडा, जिल्हा गोंदिया. आमचं गाव लोकांना माहीत असतं ते तलावामुळे. १९१७ साली पूर्ण झालेलं मातीचं धरण, आजूबाजूला जंगल, हिवाळ्यात पाहुणे पक्षी. फोटो मस्त येतात. पण तलावाकाठच्या घरात पावसाळाभर चामड्याची एखादी वस्तू ठेवून बघा, मग बोलू.

माळ्यावर मला आजोबांचा कोरडा सापडला. कोरडा म्हणजे चाबूक, आसूड. लाकडी दांडा, त्याला विणलेल्या चामडी वाद्या आणि टोकाला गोंडा. सगळ्यावर पांढरी-हिरवी बुरशी.

आता मी बीटेक, त्यामुळे आत्मविश्वास भरपूर. बादलीत धुण्याची पावडर टाकली, कोरडा खसाखसा घासला आणि गच्चीवर उन्हात टाकला. संध्याकाळी तो लाकडासारखा झाला होता. वाकवायला गेलो तर एक वादी कडकन तडकली. साठेक वर्षं टिकलेली वस्तू मी एका दुपारी मोडली.

मग वाचायला बसलो. चामडं म्हणजे तंतूंचं जाळं. कमावताना बाभळीच्या सालीतला, हिरड्यातला तुरटपणा त्या तंतूंना धरतो, म्हणून कातडं कुजत नाही. पण तंतू एकमेकांवरून सरकायला मध्ये स्निग्धता लागते. मी धुऊन काढली ती बुरशीसोबत हीच स्निग्धता. वर ऊन. सालीत कमावलेलं चामडं ओलं असताना तापलं की आक्रसतं, आणि आक्रसलेलं परत सरळ होत नाही.

बरं, तेल लावायचं तर कुठलं? विदर्भात घरोघरी जवसाचं तेल असायचं, मीही तेच घेणार होतो. नशीब, आधी तपासलं. जवसाचं तेल हवेत सुकून कडक होतं, म्हणून तर ते रंगात आणि वॉर्निशमध्ये घालतात. चामड्याला ते घातक. एरंडेल तसं सुकत नाही. बैलगाडीच्या आणि घोड्याच्या सामानाला पूर्वी ते लावायचे, यात शहाणपण होतं. आमच्याकडे मोहाच्या बियांचं तेल. थंडीत ते तुपासारखं थिजतं, त्यामुळे हातावर चोळून मगच लावायचं.

पण माझा खरा प्रश्न वेगळा होता. आजोबांनी यातलं काहीच वाचलं नव्हतं. मग इतक्या पावसाळ्यांत बुरशी का नाही आली?

आजीला विचारलं. ती म्हणाली, कोरडा माळ्यावर नव्हताच कधी. तो चुलीच्या वर, आढ्याला खुंटीवर टांगलेला असायचा. मी दोन मिनिटं गप्प. चुलीची ऊब म्हणजे ओल नाही. धुरातले घटक बुरशीला आणि किड्यांना मारतात, चामड्यालाही थोडंफार कमावतात. आणि रोजच्या हाताळणीत तळहाताचं तेल मुठीला लागायचं. मग घरात गॅस आला, चूल बंद झाली, घराला रंग दिला आणि कोरडा माळ्यावर गेला. आजीचा खोकला कमी झाला आणि कोरड्याला बुरशी आली. मला चूल परत नकोय, हे स्पष्ट सांगतो.

पुढचं मात्र मी विचारलं नसतं तर बरं झालं असतं. कोरडा विणला कोणी? शेजारच्या गावातल्या चांभारानं. मोबदला सुगीला धान्यात. आणि तो घरी यायचा तेव्हा? आजी म्हणाली, “ओसरीखाली बसे. वरून पानी टाकत होतो आमी त्याले.”

म्हणजे बघा. त्याच्या हातचं चामडं आमच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या वर, अन्नाच्या डोक्यावर तीस-चाळीस वर्षं लटकलं. तो माणूस पायरी चढला नाही. चामडं कमावण्याची, वादी कापण्याची, विणण्याची अक्कल ज्यांच्याकडे होती त्यांनाच त्या कामावरून खालचं ठरवलं. १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं, ते याच व्यवस्थेला धक्का देणारं होतं. आजोबांना कोरड्याला तेल कसं लावायचं हे शिकवलं त्या चांभारानंच. आजीला त्याचं नाव आठवत नाही. तेल कुठलं ते आठवतं.

इथे एक आडवळण घेतो. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये शेतकऱ्यांच्या लुटीवर पुस्तक लिहिलं, नाव ‘शेतकऱ्याचा असूड’. त्यात फटका बैलावर नाही, वर बसलेल्यांवर आहे. आपण आजही कोणाची खरडपट्टी काढली की ‘कोरडे ओढले’ म्हणतो. वस्तू गेली, क्रियापद राहिलं.

आमचा कोरडा मात्र बैलांवरच चालला. धान कापून झालं की आमच्या भागात शंकरपट भरतो, रात्री झाडीपट्टीचं नाटक. आजी सांगते की कोरडा नुसता हवेत वाजवायचा असे. मी लहानपणी बैलांच्या पाठीवर वळ पाहिलेत, त्यामुळे आजीचं हे मला पटत नाही.

७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती थांबल्या. राज्यानं २०१७ मध्ये कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं तो कायदा वैध ठरवला. पट परत आला, पण नियमांनी चाबूक आणि काठी वापरायला बंदी आहे. म्हणजे आता कोरड्याला कामच नाही. जपणं तेवढं उरलं.

तुमच्याकडे असं काही असेल तर मी काय केलं ते सांगतो. बुरशी घराबाहेर, तोंडाला फडकं बांधून, कोरड्या मऊ ब्रशनं झटकली. मग घट्ट पिळलेल्या कापडानं पुसून दोन दिवस सावलीत वाळवलं. तेल चिंधीवर चार थेंब, हलक्या हातानं, रात्रभर ठेवून सकाळी जास्तीचं पुसलं. जास्त तेल पाजलं तर पृष्ठभागावर पांढरा थर येतो, बुरशीसारखाच दिसतो. हेअर ड्रायरची कोमट हवा द्या: वितळला तर चरबी, नाही तर बुरशी. आणि तेलाच्या वासाला उंदीर येतात, ते वेगळंच.

ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत ओल कोंडते. घडी नको, घडीवर चामडं तुटतं. मी सैल वेटोळं करून आजोबांच्या जुन्या धोतरात गुंडाळलंय.

तडकलेली वादी तशीच आहे. तिरोड्यात चपला शिवणाऱ्या एका काकांना दाखवली. त्यांनी हातात घेऊन वास घेतला, वीण मोजली आणि म्हणाले, असं विणणारे आमच्या घरात माझे आजोबा शेवटचे. जोडून देतो म्हणाले, पैसे सांगितले नाहीत. पुढच्या सुट्टीत नेऊन देणार आहे. आजी म्हणते, “कायले पाहिजे ते घरात?” तिला अजून उत्तर दिलेलं नाही. काकांना मात्र घरी जेवायला बोलावलंय.