नायगाव ते पवई: स्वस्त दुकानाची गोष्ट



स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने सांगितलं, "आठवणी सोडून काहीही लिही, आठवणींचा ढीग पडलाय." म्हणून हे धाडस. दहावीला इतिहासात मला किती मार्क होते हे बाई वाचत असतील तर त्यांना आठवत असेलच. पण विषय माझ्या रोजच्या कामातला आहे. गेली बरीच वर्षं मी दुकानांच्या मालसाठ्याचं सॉफ्टवेअर लिहिते. आणि त्याच्या कितीतरी आधी, आपण शाळेत असताना, सोमवार पेठेत आबांच्या किराणा दुकानात संध्याकाळी पुड्या बांधत होते. तुमच्यापैकी काहींच्या घरी त्या पुड्या आलेल्या आहेत.

आमच्या क्षेत्रात राधाकिशन दमाणी हे नाव फार आदराने घेतात. डी-मार्टचे संस्थापक. मुंबईत एका खोलीच्या घरात वाढलेला मुलगा, बी.कॉम. अर्धवट सोडलं, बॉल बेअरिंगचा धंदा केला, वडील गेल्यावर शेअर दलालीत उतरला. हर्षद मेहता भाव चढवत होता तेव्हा दमाणी भाव पडणार या बाजूने पैसे लावून बसले होते आणि बुडण्याच्या काठावर आले होते. १९९२ साली घोटाळा उघड झाला, बाजार कोसळला आणि ते तरले. पुढे ऐन भरात बाजार सोडून त्यांनी किराणा दुकान काढलं. पांढरा शर्ट, पांढरी पँट, मुलाखती जवळजवळ नाहीतच. २१ मार्च २०१७ ला कंपनीचा २९९ रुपयांना विकलेला शेअर ६०४ रुपयांवर उघडला. ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते.

माझी तक्रार एवढीच, की ती अर्ध्यातून सुरू होते. १९९९ साली दमाणींनी नेरूळला पहिलं दुकान चालवायला घेतलं ते स्वतःच्या नावाचं नव्हतं. ती अपना बाजारची फ्रँचायझी होती. आणि अपना बाजार कुणी काढलं? गिरणी कामगारांनी. म्हणजे आपल्याच आजोबा-चुलत्यांनी. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणातून गेलेल्या माणसांवर गिरणगाव उभं होतं. कराड तालुक्यातही मुंबईला खोली नसलेलं गाव शोधावं लागलं असतं.

१९४८ साली नायगावात दादासाहेब सरफरे यांच्या पुढाकाराने ही संस्था सुरू झाली. कागदावरचं नाव लांबलचक, मुंबई कामगार मध्यवर्ती ग्राहक सहकारी मंडळ. महायुद्धापासून धान्य रेशनवर होतं, काळा बाजार जोरात होता. कामगाराचा पगार महिन्यातून एकदा, भूक रोजची. मधल्या दिवसांत वाण्याकडे उधारी. वाणी मापात मारतो हे कळत असूनही बोलता यायचं नाही, कारण खातं त्याच्याच दुकानात. आबा १९४६ च्या सुमारास गिरणीत लागले. एका खोलीत गावचे पंधरा जण पाळीपाळीने झोपायचे. ते सांगायचे, "पगार हातात यायच्या आधीच त्याचे मालक ठरलेले असायचे." सभासद व्हा, भाग घ्या, दुकान तुमचंच आहे, असं कुणी येऊन सांगणं ही त्या माणसांना केवढी नवलाई वाटली असेल!

ही कल्पना मूळची इंग्लंडची. लँकशायरमधल्या रॉचडेल गावी २१ डिसेंबर १८४४ ला अठ्ठावीस जणांनी टोड लेन नावाच्या गल्लीत दुकान उघडलं होतं. त्यांच्यातही विणकर होते. भांडवल माणशी एक पौंड, माल म्हणजे पीठ, लोणी, साखर, ओटचा भरडा आणि मेणबत्त्या. भेसळ नाही, वजन चोख, आणि नफा ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात परत. नियम एक कडक होता, उधारी नाही. यंत्रमागाने हातमाग मारला आणि त्या मागावरच्या माणसांनी दुकान काढलं. शंभर वर्षांनी आपल्या कापड गिरण्यांच्या वस्तीत तेच झालं. वस्त्रोद्योग आणि स्वस्त धान्याची दुकानं यांचं काय नातं आहे कोण जाणे.

अपना बाजार पुढे मुंबईभर पसरला. पण १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत, अडीच लाखांच्या आसपास कामगार. तो रीतसर संपला कधी हे आबांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. ते थांबले, वाट पाहिली, आणि फंडाचे जे काही आले ते घेऊन कराडला आले. त्या पैशातून दुकान निघालं.

आता माझ्या विषयाकडे येते. दमाणींनी काही काळाने नेरूळचं दुकान सोडून २००२ साली पवईला पहिलं डी-मार्ट काढलं. सहकारी दुकानातला सभासद मालक त्यांनी वगळला. राहिलेलं बरंचसं तत्त्व तेच, कमी भाव, चोख माल, रोख व्यवहार. भर घातली ती तीन गोष्टींची. एक, जागा शक्यतो भाड्याची नाही, स्वतःची. त्यामुळे दुकानं हळू वाढली. मार्च २०१७ अखेर १३१ होती, मार्च २०२५ अखेर ४१५. दुसरी, वस्तू मोजक्या, ज्या खपतात त्याच. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. इतर दुकानदार कंपन्यांचे पैसे महिनाभर थकवतात, हे आठ-दहा दिवसांत देतात. रोख मिळतंय म्हटल्यावर कंपनी भाव उतरवते, आणि उतरलेला भाव छापील किमतीतून कमी होऊन गिऱ्हाइकापर्यंत जातो.

यामागचं गणित सहावीचं आहे. शंभर रुपयांचा माल महिन्यातून एकदा फिरला आणि दर फेरीला पाच रुपये सुटले, तर वर्षाला साठ. तोच माल तीन महिन्यांनी फिरत असेल तर त्याच साठ रुपयांसाठी फेरीला पंधरा सुटायला हवेत. कमी नफ्यावर विकणं हा दानधर्म नाही, माल पळवण्याची युक्ती आहे. आमचं अर्धंअधिक सॉफ्टवेअर एवढ्याच एका आकड्यावर नजर ठेवतं.

आबांची खातेवही माझ्याकडे आहे. एकदा सुट्टीत बसून मी ती स्प्रेडशीटमध्ये भरली (नवऱ्याने डोक्याला हात लावला). १९९५ सालच्या एका महिन्यात विक्री अठरा हजारांची, त्यातली अकरा हजार उधार. वसुली सरासरी दोन महिन्यांनी, आणि उसाचं बिल लांबलं तर सहा. आबा स्वतः घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवर माल आणत, म्हणजे चढ्या भावाने. त्यांची साखर बाजारपेठेपेक्षा किलोला पन्नास पैसे महाग असायची आणि त्यावरून लोक टोमणे मारत. ते पन्नास पैसे म्हणजे उधारीचं व्याज होतं. वहीत कुठे लिहिलेलं नाही, पण आकडे मांडले की दिसतं. २००१ साली दुकान बंद झालं तेव्हा येणं चौतीस हजार होतं. ते आलं नाही.

दमाणींबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांच्यामुळे मध्यमवर्गाच्या महिन्याच्या बिलात खरी बचत झाली, आणि ती जाहिरातबाजीशिवाय झाली. तरी ही स्वस्ताई ज्याच्या खिशात पहिल्या तारखेला एकरकमी पैसे आहेत त्यालाच मिळते, हेही खरं. "आबा, पोराची फी भरलीया, पयल्याला देते," म्हणणाऱ्या बाईला तिथे काउंटर नाही. रॉचडेलच्या विणकरांनीही तिला बाहेरच ठेवलं होतं. ते चूक होते असं मला म्हणता येत नाही, कारण उधारीने दुकान कसं बुडतं हे मी घरात पाहिलंय. आणि आबा चूक होते असंही म्हणता येत नाही. त्या वहीतल्या नावांतली काही मुलं आज इंजिनिअर, डॉक्टर, फौजदार आहेत आणि संमेलनाला येणार आहेत. घाबरू नका, वही आणणार नाही.

२००४ साली मी नोकरीसाठी पवईजवळ राहत होते. आबा पंचाहत्तरीच्या पुढचे, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आले होते. त्यांना डी-मार्टला घेऊन गेले. ट्रॉली त्यांनीच ढकलली. प्रत्येक फळीवर थांबून चष्मा वर करून भाव वाचले, तूरडाळ मुठीत घेऊन वास घेतला. काउंटरवर पैसे देताना त्यांनी तिथल्या पोराला विचारलं, "बाळा, कंपनीला पैसे किती दिवसांनी देता?"

मला तेव्हा लाज वाटली होती. त्या प्रश्नाचा अर्थ कळायला मला पुढे चार वर्षं नोकरी करावी लागली.

पोरगं म्हणालं, "आजोबा, पिशवी देऊ का?"

"नको," आबा म्हणाले, आणि खिशातून घडी केलेली कापडी पिशवी काढली.