मागे बसणाऱ्यांचा इतिहास

आपल्या चळवळीचा इतिहास लिहायला बसलं की परिषदा येतात, ठराव येतात, सत्याग्रह येतात. ते यायलाच पाहिजेत. पण ज्याला अक्षराची ओळख नव्हती त्याच्या झोपडीत बाबासाहेब वर्तमानपत्रातून पोचले नाहीत. ढोलकीवरून पोचले. आणि ढोलकीवाला दिवसभर गिरणीत, गोदीत नाहीतर रस्त्यावर खपून आलेला असायचा. मी त्यातलाच. १९७१ पासून चाळीस वर्षं गायन पार्टीत ढोलकीला बसलो.

आधी जलसा समजून घ्या पोरांनो. गण, गौळण, बतावणी, वग हा तमाशाचा साचा खेड्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता. सत्यशोधकांनी तो उचलला आणि त्यात भटा-सावकाराची लबाडी उघडी पाडली. पुढं आपल्या लोकांनी तोच साचा हाती घेतला. गणातला गणपती गेला, गौळणीतली कृष्णाची छेडछाड गेली. बतावणी मात्र ठेवली, कारण खरा मार तिच्यात होता. दोन माणसं समोरासमोर उभी राहणार. एक विचारणार, पाणवठ्यावर कुत्रं चालतं, मग माणूस का नाही? दुसरा वेडगळ उत्तरं देणार. लोक हसायचे आणि हसता हसता गप व्हायचे. काळारामाचा सत्याग्रह १९३० चा. त्या धामधुमीच्या काळात नाशिककडं भीमराव कर्डकांचा जलसा गाजला. त्यांनी स्वतःच १९७८ साली आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहून ठेवलं. मिळवा आणि वाचा, नुसतं नाव घेऊ नका.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर जलसा हळूहळू मागं पडला, गायन पार्ट्या वाढल्या. वग गेला, सोंगं गेली. राहिला गायक, पेटी, ढोलकी आणि मागं चार-पाच जणांचा कोरस. मुंबईत कव्वालीचा जोर होता, तिच्यातला सवाल-जवाब आम्ही घेतला. दोन पार्ट्या समोरासमोर बसल्या की पहाट व्हायची. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२ चा. मुंबईत गिरणीत राबले, मोठेपणी अक्षरं शिकले आणि मग गावोगाव गात फिरले. त्यांचं नाव आज सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्यामागं टाळ्या धरणारे कोण, ते कुणी विचारत नाही.

आता वाद्याचं सांगतो, हे कुणी नीट लिहीत नाही. माझा आजा रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावात खालूबाजात ढोल वाजवायचा. शिमग्याला पालखी निघायची. पालखीला हात लावायची त्याला बंदी, पण पालखी नाचायची ती त्याच्याच ढोलावर! बिदागी म्हणून नारळ आणि मूठभर तांदूळ, तेही लांबून टाकलेले. धम्म घेतल्यावर वाडीनं ठरवलं, वाजवायचं नाही. ढोल माळ्यावर गेला, पानं उंदरांनी खाल्ली. शहरातले कलाप्रेमी हळहळतात की केवढी कला बुडाली. बुडाली ती वेठ. आजा माळ्याखाली बसून मांडीवर बोटं वाजवायचा, ते बघत मी वाढलो. माझ्या ढोलकीतला ठेका कुठनं आला हे मला कुणी शिकवायला लागलं नाही.

हलगीचं मात्र वेगळं झालं. ती मातंगांच्या गळ्यात राहिली आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांनी वर नाक मुरडलं. अण्णा भाऊंचा फोटो लावायचा आणि हलगीवाल्याला कमी लेखायचं, हे कुठलं आंबेडकरवादीपण?

आमच्या पार्टीची तालीम चाळीच्या वऱ्हांड्यात, दुसरी पाळी सुटल्यावर. पेटी वर्गणीतून घेतलेली. चौदा एप्रिल ही तारीख एक, पण जयंत्या महिनाभर चालायच्या. शनिवारी रात्री एस.टी. धरायची, रात्रभर गायचं, सोमवारी सकाळी साच्यावर हजर. पैशाचं विचाराल तर भाडं आणि जेवण. कधी शाल. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमचा कोरस फुटला. दोघं गावी गेले, एक हातगाडी ओढायला लागला, पेटीवाल्यानं पेटी विकली. त्याच सुमारास कॅसेटींचा जमाना आला. वेष्टनावर गायकाचं नाव, जमलं तर कवीचं. कोरसाला जागा नाही.

माझ्याकडं तीन वह्या आहेत. गाण्यांच्या डोक्यावर चाल लिहिलेली, बहुतेक सिनेमातली. गायकाचं अक्षर, माझं अक्षर, एकाचं तर नुसतं वळण गिरवल्यासारखं, तो रात्रशाळेत शिकत होता. मागच्या पानांवर गाणी नाहीत, हिशोब आहेत. ढोलकीची नवी पुडी. पेटीच्या भात्याला कातडं. एस.टी. सहा तिकिटं. आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या तारखेखाली हजर कोण, गैरहजर कोण, नावासकट. गैरहजर माणसापुढं कारण लिहायची आमची पद्धत होती. बहुतेक ठिकाणी एकच शब्द आहे: रातपाळी.