वास्तव हत्याकांडांवरील व्हिडिओ गेम : नीतिविचार

प्रत्यक्ष घडलेली हत्या, हत्याकांड, नगराचा वेढा किंवा वंशसंहार यांपैकी एखादा प्रसंग, त्याचे स्थळ, काळ व माणसे सहज ओळखू येतील अशा रीतीने घेऊन, त्यात खेळणाऱ्याला मारेकरी, सैनिक अथवा बळी अशी एखादी भूमिका देणारे संगणकीय खेळ, आणि त्यांच्या औचित्याविषयी एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आलेला वाद, हा या नोंदीचा विषय आहे. हिंसक खेळ खेळून मुले हिंसक बनतात की काय, हा प्रश्न निराळा. तो वर्तनशास्त्राचा व पुराव्याचा प्रश्न असून, अल्पवयीनांना असे खेळ विकण्यास मज्जाव करणारा कॅलिफोर्निया राज्याचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जून २०११ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी रद्दबातल ठरविला, तेव्हा न्या. स्कॅलिया यांनी त्या पुराव्याचे दुबळेपण नोंदवून, ग्रंथ, नाटक व चित्रपट यांना संविधानाचे जे संरक्षण आहे तेच खेळांनाही आहे, असा निवाडा दिला. येथे विचार करावयाचा आहे तो, ज्यांचे मरण हे खेळाचे साहित्य झाले त्यांचे, आणि त्यांच्या मागे राहिलेल्यांचे, निर्माता काही देणे लागतो की नाही, याचा. हे दोन प्रश्न वर्तमानपत्री चर्चेत सतत एकमेकांत मिसळले गेल्यामुळे या वादात पुष्कळ धूळ विनाकारण उडाली आहे.

रक्तपात कितपत दाखवावा ही कलाविचारातली जुनीच अडचण होय. युद्ध, राज्यभ्रंश, मरण व नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखविता प्रवेशकाच्या द्वारे सुचवाव्यात, असा दंडक भरताच्या नाट्यशास्त्रात आहे, आणि ‘ऊरुभंगा’त दुर्योधनाला रंगभूमीवरच मरण देऊन भासाने तो ओलांडलेलाही आहे. परंतु दंडक पाळला काय किंवा मोडला काय, प्रेक्षक हा आसनावर बसलेलाच राहतो. भट्टनायकाने सांगितलेल्या साधारणीकरणामुळे समोरचा शोक त्याला स्वतःचाही वाटत नाही आणि परक्याचाही वाटत नाही, आणि म्हणूनच त्याचा आस्वाद त्याला घेता येतो. संगणकीय खेळाने ही बैठकच मोडली. येथे आस्वादकाला कर्ता व्हावे लागते, त्याने कळ दाबल्यावाचून पुढचे काहीच घडत नाही, आणि त्याच्या प्रत्येक कृतीला खेळाचे नियम काही ना काही मोबदला किंवा दंड देत असतात. यास्तव अशा खेळाची नैतिक परीक्षा त्याच्या विषयावरून, चित्रांतील रक्ताच्या प्रमाणावरून किंवा निर्मात्याच्या प्रस्तावनेवरून न करता, तो कशाला गुण देतो व कशाचे गुण कापतो, यावरून करणे सयुक्तिक ठरते.

या कसोटीचे अगदी उघडे उदाहरण म्हणजे ग्लासगो येथील ट्रॅफिक या कंपनीने नोव्हेंबर २००४ मध्ये, अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या ४१व्या स्मृतिदिनाचा मुहूर्त साधून विक्रीस काढलेला ‘जेएफके रीलोडेड’ हा खेळ. डॅलस शहरातील टेक्सास स्कूल बुक डिपॉझिटरी या इमारतीच्या सहाव्या मजल्यावरील खिडकीत खेळणाऱ्याला उभे केले जाते, खालून मोटारींचा ताफा सावकाश वळण घेत पुढे सरकतो, हाती बंदूक असते आणि तीन गोळ्या झाडावयाच्या असतात. मग हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरेन आयोगाच्या १९६४ च्या अहवालात गोळ्यांचा जो क्रम, जी दिशा व ज्या जखमा नमूद आहेत त्यांच्याशी खेळणाऱ्याची नेमबाजी ताडून पाहून एक हजारांपैकी गुण दिले जातात. अध्यक्षांच्या पत्नीला गोळी लागली तर गुण वजा होतात. सर्वांत हुबेहूब नेम साधणाऱ्यास एक लाख डॉलरपर्यंतच्या बक्षिसाचे आमिष होते. निर्मात्यांची कैफियत अशी की, हत्या एकट्या माणसाला करता येणे शक्य होते हे लोकांना स्वहस्ते पडताळून पाहता यावे, आणि कटाच्या दंतकथांना आळा बसावा, एवढाच हेतू. कैफियत ऐकण्याजोगी आहे, कारण प्रक्षेपशास्त्राचे असे प्रयोग अभ्यासकांनीही केलेले आहेत. परंतु प्रयोगाला बक्षीस कशाला हवे, आणि तो नेमका स्मृतिदिनाच्या तोंडावर बाजारात का यावा, याचे उत्तर तीत नाही. सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्या प्रवक्त्याने या खेळाची संभावना ‘तिरस्करणीय’ या एका शब्दात केली.

याच्या पुढच्याच वर्षी आलेला ‘सुपर कोलंबाइन मॅसॅकर आरपीजी!’ हा खेळ मात्र इतक्या सहज निकालात काढता येत नाही. कोलोरॅडो राज्यातील कोलंबाइन हायस्कूलमध्ये २० एप्रिल १९९९ रोजी दोन विद्यार्थ्यांनी १२ सहाध्यायी व एक शिक्षक यांना ठार करून आत्महत्या केली. (मारेकऱ्यांना हवी होती ती प्रसिद्धीच, त्यांची नावे या नोंदीत देण्याचे प्रयोजन नाही.) त्याच राज्यात वाढलेल्या डॅनी लेडॉन या तरुण चित्रपटकाराने, घरबसल्या खेळ रचण्याचे एक स्वस्त साधन वापरून, त्या घटनेच्या सहाव्या स्मृतिदिनी, प्रथम निनावीच, हा खेळ मोफत प्रसृत केला. चित्रे जुन्या जपानी खेळांसारखी बुटकी व ठोकळेवजा आहेत. बळींना नावे नाहीत, फक्त शालेय गटांचे शिक्के आहेत. मारेकऱ्यांच्या तोंडचे पुष्कळसे संवाद त्यांच्याच लेखनातून उचललेले आहेत. आणि या बालिश चित्रांच्या आड खेळणाऱ्याला वर्गावर्गांतून हिंडून माणसे मारावी लागतात. खेळ तेथे थांबत नाही. आत्महत्येनंतर अकस्मात खरी छायाचित्रे येतात : मारेकऱ्यांची प्रेते, त्यांचे बालपण, शाळेबाहेर एकमेकांना मिठी मारून रडणारी मुले. मग उत्तरार्धात मारेकरी नरकात जागे होतात आणि तेथे त्यांच्याच आवडत्या ‘डूम’ या खेळातील राक्षसांशी त्यांची गाठ पडते.

जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेतील पार्क सिटी येथे भरलेल्या स्लॅमडान्स महोत्सवाच्या खेळस्पर्धेत परीक्षकांनी हा खेळ अंतिम फेरीसाठी निवडला, आणि महोत्सवाचे संचालक पीटर बॅक्स्टर यांनी तो स्वतःच्या अखत्यारात काढून टाकला. तेव्हा अंतिम फेरीतील जवळजवळ निम्म्या खेळांच्या निर्मात्यांनी, त्यांत पुढे ख्यातनाम झालेल्या ‘ब्रेड’ या खेळाचे कर्ते जॉनथन ब्लो हेही होते, आपापल्या प्रवेशिका मागे घेतल्या. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संबंधित विभागाने पुरस्कर्तेपद सोडले. आणि त्या वर्षी स्पर्धा निकालावाचूनच गुंडाळली गेली. निषेध करणाऱ्यांपैकी सर्वांनाच तो खेळ चांगला वाटत होता असे नाही. त्यांची हरकत भेदभावाला होती. कोलंबाइनच्याच घटनेच्या धाग्यावर गस व्हॅन सँट यांनी काढलेल्या ‘एलिफंट’ या चित्रपटाला २००३ साली कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले होते. मग चित्रपटाला जी मुभा ती खेळाला का नसावी, हा त्यांचा प्रश्न होता. उलटपक्षी, एका मृत विद्यार्थ्याच्या पित्याने या खेळाबद्दल उघड किळस व्यक्त केली, तर त्याच गोळीबारात पंगू झालेल्या एका विद्यार्थ्याने तो खेळून पाहून, त्यातून काही समजले, असे सांगितले. बळींच्या वतीने बोलणाऱ्यांनी हे विसरू नये की बळींचे एकमत गृहीत धरण्याचा अधिकार कोणालाच नाही.

लेडॉन यांचा खेळ सदोष आहे, कारण मारण्याचा यांत्रिक भाग त्याने पूर्वार्धात जशाचा तसा ठेवला, आणि उपरोध कळण्याइतका धीर प्रत्येक खेळणाऱ्याजवळ असेलच असे नाही. पण त्यामागे विचार होता. केवळ निर्लज्जपणा कसा असतो ते पाहावयाचे तर, व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी ३२ जणांची हत्या झाली, त्यानंतर महिन्याभरातच सिडनीच्या एका तरुणाने काढलेला ‘व्ही-टेक रॅम्पेज’ हा खेळ पाहावा. हजार डॉलर मिळाले तर एका ठिकाणाहून खेळ उतरवीन, दोन हजार मिळाले तर दुसऱ्याही, आणि तीन हजार मिळाले तर माफी मागेन, असा दरफलकच त्याने लावला होता.

एकच कृती दोन खेळांत कशी भिन्न अर्थ धारण करते, याचा दाखला यापेक्षाही उद्बोधक आहे. डेन्मार्कमधील सीरियस गेम्स इंटरॲक्टिव्ह या कंपनीच्या, गुलामांच्या व्यापाराविषयीच्या शालेय खेळात, जहाजाच्या तळघरात काळ्या माणसांच्या आकृत्या वरून खाली सोडून, फिरवून, फटीत फट न ठेवता रचावयाच्या असा एक भाग होता. ‘टेट्रिस’ या प्रसिद्ध खेळाचीच ती घडण. माणसे सामानासारखी भरली जात ही गोष्ट मुलांच्या मनावर ठसावी असा निर्मात्यांचा दावा होता, आणि तो खोटा मानण्याचे कारण नाही. तथापि मुलाला त्यात जमल्याचा आनंद होतो, तो रचना चपखल बसल्याचा. २०१५ साली चहूकडून टीका झाल्यावर तो भाग गाळण्यात आला. आता ब्रेंडा रोमेरो यांचा २००९ मधील ‘ट्रेन’ हा खेळ पाहा. तो संगणकावरचा नसून पटावरचा आहे, तरी या चर्चेतून त्याला वगळता येत नाही. फुटक्या काचांच्या खिडकीवर आगगाडीचे रूळ मांडलेले असतात, नियमांचा कागद नाझी एसएस दलाच्या टंकलेखन यंत्रावर उतरविलेला असतो, आणि खेळणाऱ्यांनी लहान पिवळ्या सोंगट्या मालडब्यांत कोंबून गाडी शेवटच्या स्थानकास न्यावयाची असते. गाडी पोचली की पत्ता उलटावयाचा. त्यावर नाव असते ऑशविट्झ. ज्यांच्या ध्यानात हे आधीच येते ते सोंगट्या डब्यांतून काढू लागतात, गाडी रुळावरून उतरवितात किंवा खेळच सोडून उठतात. नियम पाळणे हाच येथे आरोप आहे, आणि तो खेळणाऱ्याला स्वतःच्या हातांकडे पाहून मान्य करावा लागतो. चित्रपटाला हे साधता आले नसते.

लढाईच्या खेळांत अडचण वेगळ्या जागी असते. नोव्हेंबर–डिसेंबर २००४ मध्ये इराकमधील फलुजा शहरासाठी झालेल्या लढाईत उतरलेल्या अमेरिकी मरीन सैनिकांच्याच आग्रहातून ‘सिक्स डेज इन फलुजा’ या खेळाची कल्पना निघाली, असे तो रचणाऱ्या ॲटॉमिक गेम्स या कंपनीचे म्हणणे. कोनामी या जपानी प्रकाशन कंपनीने एप्रिल २००९ मध्ये तो जाहीर केला आणि मृत सैनिकांच्या नातेवाइकांचा क्षोभ पाहून त्याच महिन्यात अंग काढून घेतले. २०२१ साली व्हिक्टुरा या नव्या प्रकाशन संस्थेने त्याचे पुनरुज्जीवन केले, आणि जून २०२३ मध्ये तो अपूर्णावस्थेत विक्रीस आला. मधल्या काळात संस्थेचे प्रमुख पीटर टॅम्टे यांनी, युद्ध योग्य होते की नाही याविषयी आपल्याला राजकीय भाष्य करावयाचे नाही, असे म्हटले, आणि टीका झाल्यावर, घटना राजकारणापासून अलग करता येत नाहीत, असा खुलासा संस्थेला करावा लागला. या लढाईत पांढऱ्या फॉस्फरसचा वापर झाल्याचे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने नोव्हेंबर २००५ मध्ये कबूल केलेले असताना, तो खेळणाऱ्याच्या हाती येणार नाही असेही सांगण्यात आले. सैनिकांच्या साक्षी खऱ्या असतीलही. पण दप्तरात एका पक्षाचेच जबाब जाडजूड असले म्हणजे प्रत्येक जबाब खरा असूनही निवाडा एकतर्फी होतो. इराकी नागरिकांच्या मुलाखतींची जोड देऊन ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न झाला. तरी घराचे दार लाथेने उघडणारा पाय बहुतांशी अमेरिकीच राहिला.

नागरिकाला केंद्रस्थानी ठेवून वेढ्याचा खेळ रचता येतो, हे वॉर्सा येथील इलेव्हन बिट स्टुडिओजच्या ‘धिस वॉर ऑफ माइन’ (२०१४) या खेळाने दाखविले. त्यातील पोगोरेन हे शहर कल्पित असले तरी त्याच्यामागे १९९२ ते १९९६ या काळातील सारायेव्होचा वेढा आहे. दिवसा पडक्या घरात चूल, पाणी व औषध यांची तजवीज करावयाची आणि रात्री एकाने बाहेर पडून मिळेल ते आणावयाचे. एका घरात निःशस्त्र म्हातारा व त्याची पत्नी राहतात. त्यांचे अन्न व औषधे उचलली तर कोणी अडवीत नाही, म्हातारा नुसता गयावया करीत मागे मागे फिरतो; माल घेऊन परतल्यावर मात्र चोरी करणारा खिन्न होतो, पुढे खचतो, आणि कधी कधी हातपायच हलवीनासा होतो. मुद्देमाल मिळाला पण माणूस निकामी झाला, अशी ही शिक्षा नियमांतूनच येते, उपदेशातून येत नाही. २०२० साली पोलंडच्या सरकारने हा खेळ शालेय पूरक वाचनाच्या यादीत घातला. स्थळाचे नाव बदलण्याची ही युक्ती भित्रेपणाची म्हणता येईल. परंतु तिच्यामुळे कोणा एका मृताचा चेहरा विकला गेला नाही, ही तिची जमेची बाजू मोठी आहे.

नियमनाच्या बाबतीत देशोदेशी एकवाक्यता नाही. जर्मनीने दंडसंहितेच्या कलम ८६अ खाली ‘वोल्फेन्स्टाइन ३डी’ या खेळावर १९९४ साली जप्ती आणली होती, कारण त्यात स्वस्तिकचिन्हे होती. ऑगस्ट २०१८ पासून मात्र कला, इतिहास वा शिक्षण यांसाठी अशी चिन्हे असलेले खेळ प्रकरणपरत्वे मंजूर होऊ लागले, आणि बर्लिनमधील नाझीविरोधी गटाच्या जीवनावरचा ‘थ्रू द डार्केस्ट ऑफ टाइम्स’ हा त्याचा पहिला लाभधारक ठरला. अमेरिकेत ही मुखत्यारी व्यवहारतः दुकानदाराकडे आहे. पार्कलँड येथील शाळेत १४ फेब्रुवारी २०१८ रोजी १७ जणांची हत्या झाल्यावर काही महिन्यांतच ‘ॲक्टिव्ह शूटर’ नावाचा शाळेतील गोळीबाराचा खेळ स्टीम या विक्रीमंचावर जाहीर झाला, आणि पालकांच्या संतापानंतर तो प्रसिद्धीपूर्वीच काढून टाकण्यात आला. मंचाची मालक वाल्व्ह कंपनी हिने लगेच पुढच्या महिन्यात, बेकायदा किंवा निव्वळ खोडसाळ असेल तेवढेच वगळू, बाकीच्या आशयाचा न्याय आम्ही करणार नाही, असे धोरण जाहीर केले. खोडसाळ कोणते हे ठरविणे हाच न्याय असतो, ही गोष्ट त्या घोषणेत सोयीस्करपणे विसरली गेली.

भारतात चित्रपटांच्या परीक्षणासाठी १९५२ च्या चलच्चित्र अधिनियमान्वये मंडळ आहे, परंतु व्हिडिओ गेम त्याच्या कक्षेत येत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमविषयक कायद्याचा मुख्य रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर आहे. नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यावर चित्रपट निघाले, ते परीक्षण मंडळाच्या हातून गेले. त्याच घटनेवर उद्या कोणी खेळ काढला, तर मृतांच्या कुटुंबीयांना विक्रीमंचाच्या तक्रार-अधिकाऱ्याकडे किंवा सामान्य न्यायालयांकडेच दाद मागावी लागेल.